प्रकल्पासाठी आकडे हवेत? तंजावूरच्या राजवाड्यातून सुरुवात करू या

कॉलेजचा प्रकल्प म्हटलं की विषय पटकन सुचतो. 'स्थलांतरितांची भाषा', 'जुन्या काळचं आरोग्य', 'दानधर्म आणि समाज' अशी भारदस्त शीर्षकंही ठरतात. मग मार्गदर्शक विचारतात, "आकडे कुठून आणणार?" आणि घरात शांतता पसरते. मोबाइलवर शोधलं तर एकाच गोष्टीचे तीन वेगळे आकडे सापडतात, आणि त्यांतला खरा कोणता हे सांगायला कोणी नसतं.

आकडे शोधणं हे शिकता येण्यासारखं काम आहे. ते नुसत्या सूचनांच्या यादीतून समजत नाही, म्हणून या लेखात आपण एकच विषय हातात घेऊ: तंजावूरचे मराठी लोक. तुमचा विषय वेगळा असला तरी पायऱ्या याच राहतील. मुलांच्या प्रकल्पात मदत करणाऱ्या आईबाबांना आणि आजीआजोबांनाही या पायऱ्या उपयोगी पडतील.

तंजावूरच का?

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी, म्हणजेच एकोजी राजे, यांनी १६७६च्या सुमारास तंजावूरला भोसल्यांची गादी स्थापन केली. ती १८५५पर्यंत टिकली. १७९९च्या तहानंतर प्रांताचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती तंजावूरचा किल्ला व आसपासचा भाग एवढंच उरलं. तरीही सरफोजी राजे (दुसरे) यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत ग्रंथ, औषधं, छापखाना, शाळा आणि अन्नछत्रं यांवर भरपूर काम केलं. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं सरस्वती महाल ग्रंथालय आजही राजवाड्याच्या परिसरात आहे. हा ग्रंथसंग्रह नायक राजांच्या काळात सुरू झाला, मराठी राजांनी वाढवला आणि १९१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

राजवाडा बघायला जाणारे पर्यटक दरबार हॉल पाहतात, कलादालनातल्या ब्राँझच्या मूर्ती पाहतात, फोटो काढतात आणि बाहेर पडतात. विद्यार्थ्यासाठी मात्र हा परिसर आकड्यांचं कोठार आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे हिशेब इथे आहेत, आणि जवळच्या बृहदीश्वर मंदिरात हजार वर्षांपूर्वीच्या नोंदी दगडावर कोरलेल्या आहेत. आजची लोकसंख्या मात्र तुमच्या हातातल्या फोनवर मिळते.

पायरी पहिली: प्रश्न लहान करा

'तंजावूरचे मराठी' हा विषय झाला, प्रश्न नाही. आकडा प्रश्नाला मिळतो. म्हणून आधी कागदावर लिहा: मला कोणाबद्दल, कुठलं, कोणत्या वर्षाचं आणि काय मोजायचं आहे? उदाहरणार्थ:

- २०११ मध्ये तंजावूर जिल्ह्यात मातृभाषा मराठी सांगणारे किती लोक होते?
- सरफोजी राजांच्या काळात एखाद्या अन्नछत्राचा धान्यखर्च वर्षाच्या कोणत्या महिन्यांत वाढत होता?
- राजांच्या दवाखान्यात डोळ्यांच्या कोणत्या तक्रारी घेऊन रुग्ण येत होते?

तिन्ही प्रश्नांची उत्तरं तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. पहिल्याचं जनगणनेत, दुसऱ्याचं मोडी कागदांत, तिसऱ्याचं रुग्णांच्या नोंदींत. प्रश्न नीट लिहिला की 'हा आकडा मोजण्याचं काम कोणाचं होतं?' हे आपोआप विचारता येतं. शोधाची खरी किल्ली तीच आहे. कोणी तरी कर वसूल करण्यासाठी, धान्य वाटण्यासाठी, मतदारसंघ आखण्यासाठी किंवा औषध देण्यासाठी नोंद ठेवलेली असते. त्या नोंदवणाऱ्याचा पत्ता लागला की आकड्याचाही लागतो.

पायरी दुसरी: जनगणनेचा तक्ता उघडा

भारतात भाषेचा आकडा हवा असेल तर जनगणनेच्या संकेतस्थळावर 'सी-१६' नावाचा तक्ता शोधा. त्यात मातृभाषेनुसार लोकसंख्या दिलेली असते. प्रत्येक राज्यासाठी वेगळी फाइल असते आणि त्यात जिल्हावार आकडे मिळतात. तामिळनाडूची फाइल उतरवा, तंजावूर जिल्ह्याच्या ओळींपर्यंत जा आणि मराठीची ओळ शोधा. पुरुष, स्त्रिया, ग्रामीण, शहरी असे रकाने शेजारीच दिसतील. मराठी भाषक तमिळही बोलतात का, हे हवं असेल तर 'सी-१७' हा द्विभाषिक आणि त्रिभाषिक लोकांचा तक्ता राज्याच्या पातळीवर मिळतो.

एवढ्याने काम संपलं असं वाटेल. पण आकडा वहीत उतरवण्याआधी त्याच्यामागची व्याख्या वाचा.

जनगणनेत मातृभाषा म्हणजे माणसाच्या लहानपणी त्याची आई त्याच्याशी जी भाषा बोलत होती ती. आई लहानपणीच वारली असेल, तर त्या काळात घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. तुम्हाला ती लिहिता येते का, शाळेत शिकलात का, हे विचारलं जात नाही. तंजावूरच्या अनेक मराठी घरांत मराठी तोंडी टिकली, पण लिहिणं-वाचणं तमिळमध्ये होत राहिलं. 'आम्हाला वाचता येत नाही, मग आमची भाषा मराठी कशी?' असं वाटून कोणी तमिळ सांगितलं, तर तो माणूस तक्त्यात दुसऱ्या ओळीत जातो. म्हणजे हा आकडा लोकांनी स्वतःबद्दल काय सांगितलं याचा आहे. प्रकल्पात तसंच लिहा: 'मातृभाषा मराठी अशी नोंद केलेले'.

दुसरी गोष्ट वर्गवारीची. २०११च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषेची जी नावं सांगितली ती १९,५६९ भरली. शब्दलेखनातले फरक वगैरे जुळवून त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित झाल्या. देशभरात ज्या मातृभाषेचे किमान १०,००० भाषक आहेत तीच पुढे वेगळी छापली गेली. अशा २७० मातृभाषा होत्या आणि त्या १२१ भाषांखाली मांडल्या गेल्या. त्यामुळे एखाद्या छोट्या समूहाने आपल्या बोलीचं वेगळं नाव सांगितलं, तरी ते छापील तक्त्यात दिसेलच असं नाही. ते 'इतर'मध्ये जाऊ शकतं किंवा मोठ्या भाषेत मिळवलं जाऊ शकतं.

याचं नमुनेदार उदाहरण तंजावूरच्या शेजारीच आहे. कुंभकोणम, मदुराई भागात विणकरांचा सौराष्ट्री भाषक समाज मोठा आहे. त्यांची भाषा शोधायला गेलात तर ती तक्त्यात गुजरातीच्या शीर्षकाखाली सापडते. ज्याला हे माहीत नाही तो 'आकडाच नाही' म्हणून परत फिरतो. म्हणून शीर्षकाची एकूण संख्या आणि त्याखालच्या ओळी या दोन्ही नेहमी बघा.

तिसरी गोष्ट: संख्या आणि टक्का वेगवेगळं बोलतात. देशात मराठी मातृभाषकांची संख्या २००१ मध्ये सुमारे ७ कोटी १९ लाख होती, २०११ मध्ये सुमारे ८ कोटी ३० लाख झाली. म्हणजे एक कोटीहून अधिक वाढ. पण देशाच्या लोकसंख्येतला वाटा ६.९९ टक्क्यांवरून ६.८६ टक्क्यांवर आला. 'मराठी वाढली' आणि 'मराठी घटली' ही दोन्ही वाक्यं याच दोन ओळींतून निघतात. प्रकल्पात दोन्ही आकडे द्या आणि तुम्ही कोणत्या अर्थाने बोलता आहात ते सांगा.

पायरी तिसरी: जिल्हा तोच आहे ना?

२०११ मध्ये तंजावूर जिल्ह्याची लोकसंख्या २४ लाख ५ हजार ८९० होती. आता समजा, तुम्हाला ती शंभर वर्षांपूर्वीच्या आकड्याशी ताडून बघायची आहे. जुना आकडा मिळेलही, पण तो 'टँजोर' या फार मोठ्या जिल्ह्याचा असेल. १९७४ मध्ये पुदुकोट्टई जिल्हा झाला तेव्हा तंजावूरचा काही भाग तिकडे गेला. १९९१ मध्ये नागपट्टिनम वेगळा झाला. १९९७ मध्ये तिरुवारूर जिल्हा झाला. २०२० मध्ये नागपट्टिनममधून मयिलादुतुरै निघाला. दोन जनगणनांचे आकडे सरळ शेजारी ठेवले तर लोकसंख्या अचानक कोसळल्यासारखी दिसेल, आणि त्यावर कोणी दुष्काळाचा किंवा स्थलांतराचा निष्कर्षही काढून बसेल.

यावर उपाय साधा आहे. तुलना तालुक्यांच्या पातळीवर करा, किंवा आजचे सगळे तुकडे जोडून जुना जिल्हा पुन्हा तयार करा. महाराष्ट्रातही हीच काळजी घ्यावी लागते. २०११च्या 'ठाणे' जिल्ह्यात आजचा पालघर होता, कारण तो २०१४ मध्ये वेगळा झाला.

नावांचंही तसंच. तंजावूर, तंजावर, टँजोर अशी तिन्ही रूपं शोधून बघा. इंग्रजी कागदांत जुनं स्पेलिंग, तमिळ संकेतस्थळांवर नवं आणि मराठी पुस्तकांत तंजावर. एकाच रूपावर अडून बसलात तर निम्मं साहित्य हातातून जाईल.

जुन्या जिल्ह्याची माहिती एकत्र हवी असेल तर दोन पुस्तकं हाताशी ठेवा. टी. व्यंकासामी राव यांचं १८८३चं तंजावूर जिल्ह्याचं मॅन्युअल आणि एफ. आर. हेमिंग्वे यांचं १९०६चं गॅझेटियर. पिकं, कालवे, कर, जाती, देवस्थानं यांवरचे तक्ते आणि तपशील त्यांत आहेत. फक्त ते इंग्रजी अमलातल्या अधिकाऱ्यांच्या गरजेनुसार लिहिले गेले होते, हे ध्यानात ठेवून वाचा.

पायरी चौथी: मोडी रुमाल उघडताना

आता राजवाड्यात जाऊ. सरस्वती महालात तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखितं आहेत आणि राज्यकारभाराच्या मोडी कागदांचे तेराशेहून अधिक गठ्ठे आहेत. त्यांत पगार, देणग्या, पूजाअर्चा, खरेदी, बांधकाम, दवाखाना आणि छत्रं यांच्या नोंदी सापडतात. एका अर्थाने हा दोनशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या घरखर्चाचा हिशेब आहे.

थेट कागद मागायला जाऊ नका. आधी सूची बघा. संस्कृत हस्तलिखितांची ए. सी. बर्नेल यांनी केलेली सूची १८८० मध्ये छापली गेली. नंतर ग्रंथालयाने स्वतःच्या वर्णनात्मक सूच्या प्रसिद्ध केल्या, त्यांत मराठीच्याही आहेत. मोडी येत नसेल तर तंजावूरच्याच तमिळ विद्यापीठाची मदत होते. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने तंजावूरच्या मोडी कागदांची तमिळ भाषांतरं टिपांसह छापली आहेत. गंमत बघा, मराठीत लिहिलेला कागद आज मराठी विद्यार्थ्याने तमिळमधून वाचायचा! तमिळ येणारा मित्र किंवा मैत्रीण या कामात सोबत घ्या. दोघांचाही प्रकल्प होईल.

जाण्याआधी ग्रंथालयाला पत्र किंवा ईमेल पाठवा. विषय, हवे असलेले कागद, तारखा आणि विभागप्रमुखांचं शिफारसपत्र जोडा. फोटो काढायची परवानगी आहे का, प्रतीचं शुल्क किती, हे आधीच विचारा. 'मराठी कागद दाखवा' असं मोघम लिहिण्यापेक्षा सूचीतला क्रमांक लिहिलात तर काम लवकर होतं.

मोडी हिशेबाचा तक्ता बनवताना तीन अडचणी हमखास येतात.

तारीख. या कागदांत शक असतो, फसली असतो, शुहूर सन असतो. ढोबळ हिशेब असा: शकात ७८ मिळवा, फसलीत ५९०, शुहूर सनात ५९९ किंवा ६००. वर्षाची सुरुवात वेगवेगळ्या महिन्यांत होते म्हणून महिना बघून एक वर्ष इकडेतिकडे करावं लागतं. फसली ही काही इतिहासजमा गोष्ट नाही. तामिळनाडूच्या महसुली कामात ती अजून चालते, आणि जुलै २०२४ ते जून २०२५ हे फसली १४३४ होतं. म्हणजे हा हिशेब एकदा शिकलात तर जुन्या मोडी कागदालाही उपयोगी पडतो आणि आजच्या तहसील कचेरीतल्या कागदालाही.

माप आणि नाणं. धान्य कलम आणि मरक्काल या मापांत मोजलेलं असतं. बारा मरक्कालांचं एक कलम. रकमा चक्रम आणि पणम या नाण्यांत असतात. घाईने त्यांचे किलो आणि रुपये करू नका. मूळ माप एका रकान्यात जसंच्या तसं ठेवा आणि रूपांतर शेजारच्या रकान्यात लिहा. उद्या रूपांतराचा दर चुकीचा ठरला, तरी मूळ नोंद शाबूत राहील.

गाळलेले महिने. दोनशे वर्षांत कागद वाळवीने खाल्ले, भिजले, हरवले. एखाद्या महिन्याची नोंद नाही म्हणजे त्या महिन्यात खर्च झाला नाही, असं होत नाही. तिथे शून्य लिहू नका. रकाना रिकामा ठेवा आणि 'कागद उपलब्ध नाही' असं लिहा. शून्य आणि रिकामा रकाना यांतला हा फरक बारीक वाटतो, पण सरासरी काढताना सगळं गणित त्यावर फिरतं.

आणखी एक. १७९९नंतर प्रांताचा महसूल कंपनीकडे होता. त्यामुळे त्या वर्षांनंतरचे राजवाड्यातले हिशेब मुख्यतः राजघराण्याच्या खर्चाचे आहेत. 'तंजावूर प्रांताचं उत्पन्न' हवं असेल तर कंपनी सरकारचे कागद बघायला चेन्नईच्या तामिळनाडू पुराभिलेखागारात जावं लागेल. नोंद ठेवणारा बदलला की कोठारही बदलतं.

थोडे आकडे, मोठी गोष्ट

सरफोजी राजांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी चालत असे. तिथल्या डोळ्यांच्या रुग्णांच्या इंग्रजीतल्या नोंदी सरस्वती महालात जपल्या आहेत. रुग्णाची तक्रार, केलेले उपचार आणि काही ठिकाणी डोळ्याचं हाताने रंगवलेलं चित्र असं त्यांचं स्वरूप आहे. आजच्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिले आहेत.

प्रकल्पासाठी हा साठा सुंदर आहे, पण लहान आहे. यातून 'कोणत्या तक्रारींवर कसे उपचार होत' हे सांगता येतं. 'तंजावूरमध्ये शंभरातल्या किती जणांना मोतीबिंदू होता' हे सांगता येत नाही, कारण दवाखान्यात न आलेल्यांची नोंदच नाही. आजच्या रुग्णालयाच्या आकड्यांनाही हाच नियम लागू होतो. जे आले तेवढेच मोजले गेले.

आकडे नसलेल्या ग्रंथातूनही आकडे काढता येतात. 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा सरफोजी राजांच्या काळातला स्वयंपाकाचा ग्रंथ आहे. त्यातल्या प्रत्येक पदार्थासाठी एक ओळ आणि प्रत्येक जिन्नसासाठी एक रकाना केला, तर चिंच किती पदार्थांत आहे, तूप किती आणि तेल किती, हे मोजता येईल. घरातल्या स्वयंपाकाचा अनुभव असलेलं माणूस सोबत असेल तर हे काम अधिक चांगलं होतं, कारण जिन्नसांची जुनी नावं त्यांनाच ओळखू येतात.

इथेच सांबाराची गोष्ट आठवते. संभाजीराजे तंजावूरला आले, त्यांच्यासाठी आमटीत आमसुलाऐवजी चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून 'सांबार' झालं, असं आपण सगळे हौसेने सांगतो. गोष्ट जेवणाच्या पंगतीत छान आहे. प्रकल्पात मात्र ती 'अशी आख्यायिका सांगितली जाते' एवढ्याच शब्दांत येऊ द्या. हजार ठिकाणी लिहिलं आहे म्हणून ती हजार पुरावे होत नाही. एकाने लिहिलं, बाकीच्यांनी उतरवलं, असंही असू शकतं. आकड्यांच्या बाबतीत तर हे रोज घडतं.

दगडावरचा तक्ता

राजवाड्यापासून जवळच बृहदीश्वर मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले घराण्याचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. मराठी माणूस तो पाहून हरखतो. पण तो राजांच्या आज्ञेने आपल्या घराण्याचा गौरव सांगण्यासाठी कोरला आहे. वंशावळीसाठी तो मोलाचा, लढायांच्या निकालांसाठी दुसऱ्या बाजूचे कागदही हवेत.

त्याच मंदिरात राजराज चोळाच्या काळातला, अकराव्या शतकाच्या सुरुवातीचा, एक तमिळ लेख आहे. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची ती यादी आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कोणत्या गल्लीत कोणत्या बाजूच्या कितव्या घरात राहते, हे सगळं त्यात आहे. प्रत्येकीच्या वाट्याला वर्षाला १०० कलम भात. आजच्या भाषेत सांगायचं तर ४०० ओळी आणि चार-पाच रकाने! ई. हुल्ट्श यांनी संपादित केलेल्या 'साउथ इंडियन इन्स्क्रिप्शन्स'च्या दुसऱ्या खंडात हा लेख इंग्रजी भाषांतरासह छापला आहे. कोणत्या गावांतून किती जणी आल्या, एवढं मोजलं तरी एक देखणा नकाशा तयार होतो. अशा यादीतली माणसं कोणी तरी होती, त्यांची आपली गावं सुटली होती, हेही मोजताना जाणवतं.

बाकीची कोठारं, झटपट

तुमचा विषय आजचा असेल तर ही ठिकाणं आधी बघा.

- ई-सांख्यिकी आणि मायक्रोडेटा: केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाची दोन संकेतस्थळं. रोजगार, घरखर्च, भाववाढ यांचे आकडे पहिल्यावर, पाहणीतल्या कुटुंबांच्या नाव काढलेल्या मूळ नोंदी दुसऱ्यावर.
- डेटा डॉट गव्ह डॉट इन: अनेक सरकारी खात्यांच्या फाइली एका जागी.
- राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण: पोषण, लसीकरण, माता-बाल आरोग्य. २०१९-२१च्या पाचव्या फेरीची जिल्हावार पत्रकं वाचायला सोपी आहेत.
- यूडायस प्लस आणि आयशे: शाळा आणि उच्च शिक्षण.
- रिझर्व्ह बँकेची राज्यांवरची सांख्यिकी पुस्तिका: अनेक वर्षांचे राज्यवार तक्ते एकत्र.
- महाराष्ट्रासाठी: दरवर्षीची 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' आणि अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन'. दुसरं तर मराठीतच असतं.
- जुन्या पुस्तकांसाठी: पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. ऐतिहासिक कागदांसाठी १९१० पासून काम करणारं भारत इतिहास संशोधक मंडळ.
- शोधगंगा: देशातल्या पीएचडी प्रबंधांचा संग्रह. तुमच्या विषयावरचा एक चांगला प्रबंध काढा आणि त्याची परिशिष्टं वाचा. आकडे कुठून मिळाले हे तिथे लिहिलेलं असतं.

जी माहिती सरकारी कचेरीत आहे पण छापलेली नाही, तिच्यासाठी २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. साधारण तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असतं, म्हणून प्रकल्पाच्या शेवटच्या आठवड्यात अर्ज करून उपयोग नाही.

एआय चॅटबॉटला विचारायला हरकत नाही. कोणतं खातं ही नोंद ठेवतं, तक्त्याचं नाव काय असेल, यासाठी तो उपयोगी पडतो. पण तो देईल तो आकडा थेट वापरू नका. मूळ तक्ता उघडून आकडा स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच तो तुमचा.

आकडा मिळाल्यावर लगेच करायच्या पाच गोष्टी

१. फाइल कुठून, कोणत्या तारखेला उतरवली ते लिहून ठेवा. संकेतस्थळं बदलतात.
२. मूळ फाइल तशीच ठेवा. दुरुस्त्या प्रतीवर करा.
३. प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि माप वेगळ्या पानावर लिहा.
४. बेरीज करून बघा. जिल्ह्यांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळते का?
५. आकडा काय सांगत नाही, हे दोन ओळींत लिहा. परीक्षक हीच ओळ शोधतात.

स्वतः घरोघरी जाऊन पाहणी करणार असाल तर आधी संमती घ्या. नाव, फोन नंबर आणि घरचा पत्ता तक्त्यात ठेवू नका, क्रमांक द्या. तंजावूरसारख्या ठिकाणी समाज लहान असतो. 'अमुक गल्लीतल्या ऐंशी वर्षांच्या निवृत्त शिक्षिका' एवढं लिहिलं तरी शेजाऱ्यांना माणूस कळतो.

यात आपलं काय?

मोडी वाचणारे कमी होत चालले आहेत. पन्नासच्या दशकापर्यंत महाराष्ट्रातल्या शाळांत मोडी शिकवली जाई, म्हणून ज्यांच्या घरी नव्वदीच्या आसपासचे आजीआजोबा आहेत त्यांच्याकडे अजून ही लिपी असू शकते. त्यांच्यासोबत एखादा जुना कागद वाचायला बसा, वाचताना आवाज रेकॉर्ड करा. संगणकालाही मोडी शिकवणं सुरू झालं आहे. आयआयटी रुरकीने पुण्यातल्या संस्थांच्या सहकार्याने मोडी कागदांच्या २,०४३ प्रतिमा आणि त्यांचं तज्ज्ञांनी तपासलेलं देवनागरी लिप्यंतर असा संच तयार केला आहे. त्यांतलं प्रत्येक पान आधी कोणा माणसाने वाचलं, तेव्हाच यंत्राला ते शिकता येतं. गठ्ठ्यांतले हिशेब उद्या वाचले जाणार की नाहीत, हे आज किती जण मोडी शिकतात यावर ठरणार आहे.

आणि जनगणना. २०११नंतरची जनगणना लांबली आणि पुढची २०२७ साठी जाहीर झाली आहे. तिच्यातही मातृभाषा विचारली जाईल. तंजावूर, चेन्नई, बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद, कुठेही राहणाऱ्या मराठी घराला हा प्रश्न येईल. त्या दिवशी घरातलं जे माणूस दाराशी बोलेल, त्याच्या उत्तरावर सगळ्या कुटुंबाची नोंद होते. म्हणून आधीच घरात बोलून ठेवा: आजी लहानपणी आपल्याशी कोणत्या भाषेत बोलायची, आई कोणत्या भाषेत बोलते, मुलांची मातृभाषा काय सांगायची. सून तमिळ असेल आणि मुलांशी तमिळ बोलत असेल तर मुलांची नोंद तमिळ होणं हेच व्याख्येनुसार बरोबर आहे. खरं असेल तेच सांगा. पुढे दहा-पंधरा वर्षं कोणी तरी विद्यार्थी 'सी-१६' उघडून तुमच्या जिल्ह्याची ओळ शोधेल, तेव्हा त्याला मिळणारा आकडा तुम्ही दाराशी दिलेल्या उत्तरांचाच बनलेला असेल.

तोवर तुमच्या प्रकल्पाचा प्रश्न एका ओळीत लिहून काढा. कोण, कुठे, केव्हा आणि काय मोजायचं, हे त्या ओळीत आलं की पहिला तक्ता आज रात्रीही उघडता येईल.